मिनिटे संघाची नव्हे, मुलाची मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शालेय फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की एक बातमी हमखास वाचायला मिळते: १४ वर्षांखालील संघातला अमुक खेळाडू १७ वर्षांखालील संघातूनही उतरला आणि दोन्हीकडे गोल केले. मुलाचे कौतुक व्हायलाच हवे. पण त्याच्या आठवड्याचा हिशेब शाळेत कोणी ठेवतो का? बहुतेक ठिकाणी नाही.

समजा, दोन्ही संघांचा सराव आठवड्यातून दोनदा, दर वेळी ७५ मिनिटे. शनिवारी धाकट्या गटाचा ६० मिनिटांचा सामना, रविवारी थोरल्या गटाचा ७० मिनिटांचा. धाकट्या संघाच्या प्रशिक्षकाच्या वहीत या मुलाची २१० मिनिटे लागतात, थोरल्याच्या वहीत २२०. दोघांनाही आकडा बेताचाच वाटतो. मुलगा मात्र ४३० मिनिटे खेळलेला असतो.

म्हणून सगळ्या वयोगटांची वही एकच असावी आणि तीत प्रत्येक मुलाची एक ओळ असावी. खेळ संपल्यावर अर्ध्या तासाने मुलाला विचारायचे, ० ते १० मध्ये किती दमलास? त्या आकड्याने मिनिटांना गुणायचे. ७५ मिनिटे आणि दमणूक ६, म्हणजे त्या दिवसाचा भार ४५०. आठवड्याची बेरीज मागच्या तीन-चार आठवड्यांशी ताडून पाहायची. एकूण आकड्यापेक्षा अचानक घेतलेली उडी जास्त बाधते. परीक्षेच्या सुट्टीनंतर मुलांना थेट पूर्ण सामन्यात उतरवले की स्नायू दुखावतात ते यामुळेच. लागोपाठ दोन दिवस सामने आले तर दुसऱ्या सामन्यात मुलाला एकच सत्र, म्हणजे अर्धाच सामना खेळवावा. आणि मूल कुठल्या संघातून खेळणार हे दोन्ही प्रशिक्षकांव्यतिरिक्त तिसऱ्या व्यक्तीने ठरवावे, नाहीतर ज्याची अंतिम फेरी जवळ त्याचेच चालते.

याच वहीत दर तीन महिन्यांनी उंची लिहावी: अनवाणी, त्याच भिंतीपाशी, दिवसाच्या त्याच वेळी. मुलींची उंची साधारण १२ व्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते, मुलांची १४ व्या. तीन महिन्यांत २ सेंटिमीटरच्या आसपास वाढ दिसली तर सावध व्हावे. या काळात हाडे भराभर लांबतात, स्नायू मागे राहतात आणि स्नायूबंध हाडाच्या वाढत्या, मऊ भागाला ओढू लागतात. मग टाचेच्या मागे किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दुखते. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर मूल कळवळले तर त्याला ‘नाटक करतोय’ म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. तोवर उड्या आणि वेगाने धावणे कमी करायचे, पासिंगचा सराव चालू ठेवायचा. कडक मैदानावर स्टडचे बूट टाचेला आणखी त्रास देतात. सरावाला साधे, जाड तळव्याचे बूट बरे.

धाकट्या गटांना मोठ्यांच्या मापाचे मैदान, चेंडू आणि गोल देणे ही दुसरी मोठी चूक. मोठ्यांचा ५ नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा, त्याहून लहान ४ नंबरचा साधारण ३५० ते ३९०. बारा वर्षांच्या मुलाच्या पायाला हा फरक जाणवतो. पूर्ण मापाचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. एवढ्याशा गोलरक्षकाच्या डोक्यावरून उंच फटका मारला की गोल होतो, मग संघ तेवढेच शिकतो. ‘नियमात बसत नाही’ हे आयोजकांचे उत्तर मला पटत नाही. खेळाच्या नियमांतच लहान वयोगटांसाठी मैदान, चेंडू, गोल आणि सामन्याची वेळ बदलण्याची, बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेण्याचीही मुभा आहे.

ती मुभा वापरली तर राखीव मुलांचा प्रश्नही सुटतो. नऊ-नऊ जणांचा सामना, चमूत १४ मुले, १५ मिनिटांचे चार भाग. जागा होतात ३६. आठ जणांना तीन-तीन भाग, सहा जणांना दोन-दोन. म्हणजे कोणीही अर्ध्या तासापेक्षा कमी खेळत नाही. तक्ता आदल्या दिवशीच लिहावा. सामना चुरशीचा झाला की ऐनवेळी मन बदलते आणि बाकावरचे मूल बाकावरच राहते. बरेचदा ते वर्षाच्या शेवटी जन्मलेले, अजून उंची न धरलेले मूल असते. निवड हंगामाच्या मध्यावर पुन्हा एकदा व्हायला हवी ती अशा मुलांसाठीच.

आपल्या बातमीदारांनी निकालासोबत किती मुले मैदानात उतरली हेही छापावे, अशी विनंती आहे.

शेवटचे, पण टाळता न येण्यासारखे: हलवता येणारे गोल मागच्या दांडीवर वजन ठेवून किंवा जमिनीत खुंट्या ठोकून बांधल्याशिवाय सराव सुरू करू नये. आडव्या खांबाला मुले लोंबकळतात, गोल पुढे कलंडतो आणि जीव जातो.

– एक फुटबॉल प्रशिक्षक