बसमधल्या त्या बाईंविषयी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे सांगितलेस ते मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पुण्याला परतताना बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी तुझ्या गळ्यातला क्रूस पाहिला, आनंदाने पिशवीतले आपले बायबल दाखवले आणि लगेच विचारले, "तुम्ही कॅथलिक मारियेची पूजा का करता?" काय बोलावे ते न सुचल्याने तू झोप आल्याचे निमित्त करून डोळे मिटलेस, आणि आता तुला त्याचे वाईट वाटते आहे. मला मात्र यात तुझ्यापेक्षा आम्हा आईवडिलांची चूक अधिक दिसते. आम्ही तुझ्याकडून प्रार्थना पाठ करून घेतल्या, पण कुणी विचारले तर त्यांचा अर्थ आपल्या शब्दांत कसा सांगावा, हे कधी शिकवले नाही.

आपण आराधना करतो ती एका परमेश्वराचीच. परीक्षेच्या आदल्या रात्री तू मला "आई, माझ्यासाठी प्रार्थना कर" म्हणतेस, तेच आपण मारियामातेला म्हणतो. 'नमो मारिया' या प्रार्थनेचा पूर्वार्ध म्हणजे गाब्रिएल दूताचे अभिवादन आणि मारियेची नातेवाईक अलिशिबा हिचे उद्गार. दोन्ही लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आहेत, आणि तो अध्याय त्या बाईंच्या बायबलमध्येही आहे. तू तेच पान उघडायला सांगितले असतेस, तर ते दोघींनी मिळून वाचले असते. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा, येशू सांगेल तसे करा, असे मारियेने सेवकांना सांगितले. शुभवर्तमानांत तिच्या तोंडचे हे शेवटचे शब्द आहेत. ती माणसाला स्वतःपाशी अडवून ठेवत नाही, एवढे सांगितले असतेस तरी पुरेसे होते.

मतभेद लपवावेत असे मी म्हणत नाही. आपल्या बायबलात 73 पुस्तके आहेत आणि त्यांच्या, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या, बायबलात 66, मिस्साबलिदानाविषयीची (आपल्या रविवारच्या उपासनेविषयीची) समजूतही वेगळी आहे. पण पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला त्यांचा बाप्तिस्मा आपली ख्रिस्तसभा (चर्च) खरा मानते आणि तो पुन्हा देत नाही. म्हणजे त्या बाई तुझ्या बहिणीच होत्या.

लग्नाआधी मी नोकरी करत होते तेव्हा अशाच एका पंथाच्या मैत्रिणीने मला पोपमहाशयांविषयी काहीतरी विचारले. मी धर्मशिक्षणाच्या वर्गात बक्षिसे मिळवलेली मुलगी होते, त्यामुळे अर्धा तास तिला बोलूच दिले नाही. वाद मी जिंकले, पण त्यानंतर ती माझ्या शेजारी डबा उघडायला कधी बसली नाही. ती रिकामी खुर्ची मला अजून आठवते.

त्याच्या अगदी उलट अनुभव गेल्या महिन्यात आला. विरार लोकलमध्ये मी जपमाळ घेऊन बसले होते, आणि समोरच्या, गळ्यात तुळशीची माळ असलेल्या आजींची नजर माझ्या बोटांवर होती. त्यांनी विचारले, "ताई, तुमच्या माळेत मणी किती?" मी म्हटले, "एकोणसाठ." त्यांच्या जपमाळेत 108. "म्हणजे तुम्हीही नामच घेता," असे त्या म्हणाल्या तेव्हा मी सांगितले की होय, आणि दर दहा मण्यांना येशूच्या जीवनातला एक प्रसंगही डोळ्यांपुढे आणतो. मंगळवार असल्याने येशूच्या यातनांचे प्रसंग, म्हणजे दुःखाची रहस्ये होती, म्हणून गेथशेमानीच्या बागेत मरणाच्या आदल्या रात्री व्याकूळ होऊन प्रार्थना करणाऱ्या येशूविषयी मी चार वाक्ये बोलले. आजी गप्प झाल्या. मग आपल्या दारूत बुडालेल्या मुलाविषयी त्या बोलू लागल्या आणि मी ऐकत राहिले. भाईंदर आले तेव्हा त्यांनी माझा हात धरून म्हटले, "तुमच्या माळेत एक मणी माझ्या पोराचा घ्या." खाडीचा पूल ओलांडताना मी तो घेतला, आणि आजही घेते. त्यांचा विठ्ठल आणि आपला ख्रिस्त एकच, असे मी म्हटले नाही, त्यांनीही म्हटले नाही. मी ज्याच्यावर विश्वास ठेवते त्याचे नाव स्पष्टपणे उच्चारले आणि त्यांच्या भक्तीचा मान राखला. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये जाहीर केले, त्याचा अर्थ मला त्या डब्यात उमगला.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय सवडीने वाच. यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत चाललेल्या इथिओपियाच्या अधिकाऱ्याच्या रथाजवळ येशूचा अनुयायी फिलिप्प धावत गेला. आधी त्याने वाचन ऐकले, मग वाचता ते समजते का, एवढेच विचारले, आणि त्या माणसाने विनंती केल्यावरच तो रथात चढून शेजारी बसला. त्यानंतर मात्र येशूविषयी बोलायला तो कचरला नाही. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

त्या बाई पुन्हा भेटतील असे नाही, तरी रविवारच्या मिस्सामध्ये त्यांची आठवण कर. सोबत सुकेळी पाठवली आहेत. ती हॉस्टेलवर संपवू नकोस. थोडी पुढच्या प्रवासासाठी पिशवीत ठेव, म्हणजे शेजारी कुणी बसले तर आधी ती पुढे करता येतील.

तुझी,
आई