बाबांच्या लॅपटॉपविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीनंतर सांगलीहून निघताना बाबांचा लॅपटॉप मी सोबत घेऊन आले, तेव्हा दुकानदाराने तो ‘आता भंगारात काढा’ म्हणून सांगितले होते आणि बाबांनी नव्यासाठी ४२,००० रुपये बाजूलाही काढून ठेवले होते. ते पैसे बँकेतच राहू द्यावेत, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

यंत्र जुने आहे, हे खरे. त्यातला तिसऱ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर २०१२ सालचा आहे, आणि २०१८ मध्ये आपण लॅपटॉप घेतला तेव्हाच तो कुणाचा तरी वापरून झालेला होता. परंतु सुरू व्हायला जी पाच-सहा मिनिटे लागत, त्यात प्रोसेसरचा दोष फारसा नव्हता. आतली हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी तबकडी. प्रत्येक लहानसहान फाइलसाठी तिच्यावरचा काटा सरकून योग्य जागी यावा लागतो, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइली एकदम मागवल्या जातात. त्यात रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा, अवघी ४ जीबी. ती भरली की उरलेला माल त्याच संथ डिस्कवर नेऊन ठेवला जातो. बाबा, मार्केट यार्डात हळदीच्या हंगामात गोदाम भरल्यावर पोती रस्त्यावर लागतात आणि मग गाडीलाच वाट उरत नाही, तशी ही गत होती.

म्हणून मी डिस्क काढून तिच्या जागी २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, बसवली. तिच्यात फिरणारे काहीच नसते. रॅमची आणखी एक ४ जीबीची पट्टी घातली. मात्र ती जुन्या डीडीआर३ जातीचीच लागते, कारण नव्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असल्याने ती आत बसतच नाही, त्यामुळे वापरलेली शोधण्यात दोन रविवार गेले. बॅटरीही बदलली. एसएसडीचे २,४००, पट्टीचे ८०० आणि बॅटरीचे १,७०० असे एकूण ४,९०० रुपये झाले. आता तो अर्ध्या मिनिटात सुरू होतो.

खालचे झाकण उघडले तेव्हा पंख्याच्या पात्यांवर पिवळसर धुळीचा थर होता. इतकी वर्षे अडतीच्या गादीवर बसून केलेल्या हिशेबांची हळद ती! ब्रशने झाडताना माझी बोटे पिवळी झाली. आई, तुझा क्रोशाचा रुमाल फार सुंदर आहे, परंतु लॅपटॉप चालू असताना तो त्यावर पांघरू नकोस आणि गादीवर ठेवूनही वापरू देऊ नकोस, कारण त्याची श्वास घेण्याची जाळी बाजूला आणि खाली आहे.

एक बदल मात्र बाबांना सुरुवातीला खटकेल. विंडोज १० ची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणून मी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घातली आहे. मराठी टंकनासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक तोच आहे, आणि देवस्थानच्या जमाखर्चाचे एक्सेलसारखे तक्ते लिब्रेऑफिस या मोफत प्रोग्राममध्ये नीट उघडतात; मी बेरजा ताडून पाहिल्या आहेत. टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम मात्र यावर सरळ चालणार नाही, पण तो आता बाबांना लागतही नाही. उद्या मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटीच गेली, तर मात्र दुरुस्तीचा हट्ट मी धरणार नाही.

२०१९ च्या महापुरात गावभागात पाणी चढत असताना बाबांनी कपड्यांआधी हा लॅपटॉप माळ्यावर टाकला होता, हे मी विसरलेले नाही. खरे सांगायचे तर तो भंगारात द्यायला माझाच हात धजत नव्हता.

येत्या शनिवारी तो घेऊन येते. जुनी डिस्क वेगळ्या पाकिटात आणते आहे. तिच्यावर बाबांच्या सगळ्या मूळ फाइली आहेत, तेव्हा ती कपाटात कुलपाखाली ठेवावी, भंगारवाल्याला देऊ नये.

तुमची लेक