बापूच्या बागेबद्दल

देवगड
मे, दुसरा रविवार

प्रिय दिन्या,

शिमग्यानंतर तुला एक ओळ लिहिली नाही. तू दिलेल्या शिव्या पोचल्या असं समज. माझी साखर आहे तिथेच आहे, पाठही तशीच. मुद्द्यावर येतो.

बापू बाग गहाण टाकतोय. खालचा तुकडा नव्हे, विहिरीकडची सगळी कलमं. ओंकारला कार्गोचा, म्हणजे मालवाहू विमानाचा, पायलट व्हायचंय. काल बापू जामिनाचा कागद घेऊन आला, "माझो झील इमान चालवतलो" म्हणत. चहा पाजला, कागद ठेवून घेतला. सही केलेली नाही.

पोरगा हुशार आहे, बारावीला फिजिक्स-मॅथ्स आहे, तिथे प्रश्न नाही. प्रश्न त्याच्या मामाचा आहे. आठवतो ना? जत्रेत लाल पताका म्हणून हिरव्या लावत सुटला होता आणि आपण पोट धरून हसलो होतो. हसण्यासारखं होतं, पण लाल-हिरव्याचा हा घोळ आईकडून मुलाकडे येतो. मामाला असेल तर बहिणीत तो लपून असण्याची शक्यता निम्मी, म्हणजे भाच्यात चारात एक. आणि हे बापूसमोर, त्याहून वहिनीसमोर, कोण बोलणार? "माझ्या माहेरावर घसरलात" म्हणून वर्षभर अबोला. म्हणून तुला लिहितोय. ती पताकांची गंमत आपल्या दोघांखेरीज आता कुणाला आठवतही नसेल.

ओंकार तुझं ऐकतो. फक्त क्रम चुकवू नकोस, कारण तू विमानात माल चढवणारा, बोलायला लागलास की थेट लोडशीटवर, मालाच्या वजनाच्या कागदावर, जातोस.

आधी कणकवलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ दे. ठिपक्यांतले आकडे ओळखायचं पुस्तक असतं, पाच मिनिटांचं काम. नंबर असला तरी चष्मा चालतो, रंगाला मात्र चष्मा नाही. ट्रॉलरला डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा दिवा असतो, तेच दिवे विमानाच्या पंखांच्या टोकांना. धावपट्टीशेजारच्या चार दिव्यांत दोन पांढरे, दोन लाल दिसले की उतरण्याचा कोन बरोबर. चारही लाल म्हणजे फार खाली आलास. रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून दिवा दाखवतात, तोही लाल, हिरवा नाहीतर पांढरा. तिथे अंदाज चालत नाही.

तिथून सुटला तर डीजीसीएच्या, म्हणजे सरकारी विमान खात्याच्या, यादीतल्या डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल, ही पहिली तपासणी, मग त्याहून कडक क्लास वन. ईसीजी, कान, रक्त, डोळे, सगळं निघतं. क्लास वन हातात पडेपर्यंत विमान शिकवणाऱ्या शाळेला एक पैसा द्यायचा नाही. बापू उलटं करतोय! शाळेने सांगितलंय, आधी फी भरा, मेडिकल आम्ही करून घेऊ. फी 50 लाखांच्या पुढे. आणि भरायचीच झाली तर उडलेल्या तासांप्रमाणे, हप्त्याने. पावसात उड्डाणं बंद, कधी विमान दुरुस्तीत, कधी इन्स्ट्रक्टर सोडून गेलेला. पोरं महिनोन्महिने हॉस्टेलवर पडून राहतात आणि व्याज चालू असतं.

लायसन्सला उड्डाणाचे 200 तास लागतात. त्यांतले 100 स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाचा प्रमुख म्हणून, त्यातच 20 तास लांबच्या फेऱ्या आणि एक फेरी किमान 300 सागरी मैलांची, दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. शिवाय 10 तास बाहेर न बघता नुसत्या उपकरणांवर, 5 रात्रीचे. लेखी पेपर 70 टक्क्यांना पास: नियम, नेव्हिगेशन, हवामान, टेक्निकल. रेडिओची परीक्षा वेगळी. हवामानात खारे वारे-मतलई आले की ओंकारला पुस्तक उघडायची गरज नाही, एवढं बापूला सांगून खूश कर.

कार्गोचा वेगळा कोर्स नसतो, हे त्याला नीट सांग. लायसन्स तेच, जे प्रवासी विमानाचं. पुढे 737 किंवा ए-320चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान चालवायची परवानगी, आणखी पंधरा-वीस लाख. ब्लू डार्टकडे 757 आणि 737 मालवाहू, इंडिगोकडे ए-321. पण देशात मालवाहू विमानं मोजकीच, त्यामुळे जागाही मोजक्या. बहुतेक पोरं आधी प्रवासी कंपनीत तास जमवतात. कॅप्टनच्या लायसन्सला 1500 तास.

आणि काम रात्रीचं. 2 ते 6, जेव्हा शरीर झोप मागतं, तेव्हाच माल हलतो. वरच्या डेकवर आग लागली तर तिथे सहसा विझवायचं यंत्र नसतं. मालाकडची हवा तोडायची, केबिनचा दाब सोडायचा, ऑक्सिजन मास्क लावून जवळचा विमानतळ गाठायचा. 2010 मध्ये दुबईत यूपीएसचं 747 लिथियम बॅटऱ्यांच्या आगीनेच गेलं, दोघेही वैमानिक गेले. 2013 मध्ये अफगाणिस्तानात बगरामला मालवाहू विमानातलं लष्करी वाहन बांधण्यातून सुटून मागे सरकलं आणि विमान उडताच पडलं, सात जण. तेव्हा "पायलट नुसता ड्रायव्हर, खरं विमान लोडिंगवाला चालवतो" हे तुझं जुनं टुमणं बगरामपुरतं मी मान्य करतो. बाकी वेळी नाही. मागचा माल आधी चढवून शेपूट टेकवणारेही तुमच्यातलेच!

मी सही करावी का, हे विचारत नाहीये. डोळ्यांचा निकाल आला की करीन किंवा कागद परत देईन. तू फक्त ओंकारला या आठवड्यात फोन कर आणि डोळ्यांचं तुझ्या नावावर घाल. म्हण, कार्गोतल्या सगळ्या पोरांना आधी हेच करायला लावतात. मामाचं नाव काढू नकोस.

तुझ्या बदलीचं काय झालं? सुनीताच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतरच ना? चिनूचे मार्क कळव.

पेटी गुरुवारच्या ट्रॅव्हल्सने पाठवतो, विरार फाट्याला उतरवून घे. गेल्या वेळी ड्रायव्हर बोरिवलीला देऊन आला होता, त्याचा नंबर आधीच मागून ठेव.

तुझा,
अण्णा