ड्रेसिंग रूममधल्या सिस्टरना

सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

मागच्या तपासणीला आले तेव्हा तुमची चौकशी केली. तुमची ड्यूटी आता ऑपरेशन थिएटरकडे लागली असं कळलं, त्यामुळे भेट झाली नाही. ऑपरेशन करणाऱ्या सरांचे आभार मी समोरासमोर मानले होते, तुमचे राहून गेले. तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला विचारल्याशिवाय ते बरं दिसणार नाही. पण वाचलंत तर ओळखाल: पुण्यातलं हॉस्पिटल, कोपऱ्यातली ड्रेसिंग रूम आणि "माझं उजवीकडचं इम्प्लांट वर सरकलंय" असं म्हणून रडायला लागलेली साताऱ्याची बाई.

स्तनवृद्धीचं, म्हणजे आत इम्प्लांटची पिशवी बसवून स्तनांचा आकार वाढवायचं, ऑपरेशन करायचं हा माझा निर्णय पक्का होता. दोन्ही मुलांना अंगावर पाजलं, नंतर वजन उतरलं आणि छातीचा आकार पार बदलला. मला त्याचं वाईट वाटायचं. नवऱ्याला सांगितलं, आईला सांगितलं, बाकी कुणाला नाही. बाळंतपणात काही दुखलं-खुपलं तर सल्ला द्यायला गल्लीतल्या सगळ्या बायका असतात. इथे शंका आली तर विचारायचं कुणाला? एके ठिकाणी, तुमच्या हॉस्पिटलबाहेर, विचारून पाहिलं. "हौसेनं करून घेतलंय ना, मग सोसा आता," असं उत्तर आलं. त्यानंतर मी कुणाला काही विचारलं नाही.

आणि आरशात दिसत काय होतं? दोन्ही बाजू गळ्याकडे चढल्यासारख्या. वरचा भाग फुगलेला, खालचा रिकामा, कातडी ताणून चकचकीत झालेली. त्यात उजवी बाजू डावीपेक्षा वर. मधूनच वीज चमकून जावी तशी कळ यायची. रात्री मोबाईलवर शोधत बसायचे आणि नेमकं तेच समोर यायचं: जागा सोडलेलं इम्प्लांट, पुन्हा करावं लागलेलं ऑपरेशन.

तुम्ही आधी दार लावून घेतलंत. "ताई, नीट बघू, मग बोलू." कुठे गरम लागतंय का, लाली आहे का, टाक्यांतून पाणी येतंय का, ताप आला होता का, सगळं विचारलंत, हात लावून पाहिलंत. मग टेप काढून गळ्याच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत आणि तिथून स्तनाखालच्या घडीपर्यंत दोन्ही बाजूंचं माप घेतलंत आणि वहीत लिहिलंत. माझ्या भीतीला कुणीतरी मोजून बघण्याच्या लायकीचं समजलं, हे त्या दिवशी मला औषधापेक्षा जास्त लागू पडलं.

मग तुम्ही बाही वर सारलीत आणि दंडाची बेटकुळी काढून मला दाबायला लावलीत. "कडक आहे ना? आता सोडते, बघा." माझं इम्प्लांट छातीच्या मोठ्या स्नायूखाली बसवलंय, म्हणालात. तो स्नायू सध्या असाच आवळलेला आहे, वरून सूज आहे, म्हणून इम्प्लांट वर दाबलं जातंय. स्नायू सैल पडेल, खालची कातडी हळूहळू जागा देईल, तसं ते खाली उतरेल. साधारण तीन महिने, काहींना सहा. मी उजव्या हातानं कामं करते, म्हणून तिकडचा स्नायू जास्त ताकदीचा, तो पुष्कळदा उशिरा सैलावतो. त्या विजेच्या कळा म्हणजे दुखावलेल्या नसा पुन्हा जाग्या होतायत. शेवटी तुम्ही फाइलमधले ऑपरेशनआधीचे फोटो दाखवलेत. तेव्हाही माझ्या दोन बाजू एकसारख्या नव्हत्या! इतकी वर्षं स्वतःला आरशात बघून मला ते कधी दिसलं नव्हतं.

माझं इम्प्लांट गोल आहे, ते आत थोडं फिरलं तरी आकार बदलत नाही, थेंबाच्या आकाराचं असतं तर फिरण्याची काळजी, हेही तुमच्याकडूनच कळलं. मोबाईलवर जिथे-तिथे मालिश करा म्हणून लिहिलेलं होतं. त्यावर तुम्ही स्पष्ट म्हणालात, "काहींना सर स्वतः करायला सांगतात, काहींना सक्त मनाई असते. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही." आणि एवढं सगळं समजावूनही "मी अनुभवानं सांगते, निर्णय सरांचा" असं म्हणत तुम्ही त्यांना बोलावून घेतलंत. सरांनी तपासून तेच सांगितलं. तुम्हाला तुमचं काम किती नेमकं माहीत आहे, हे मला त्या वाक्यात दिसलं.

घाबरायचं कधी, हेही तुम्ही सांगितलंत, आणि खरं तर त्यामुळेच मला पुढे झोप लागली. एक बाजू अचानक फुगून ताणायला आणि ठणकायला लागली, तर आत रक्त साठत असू शकतं, रात्र असली तरी निघून यायचं. ताप, वाढती लाली, जखमेतून घाण पाणी, तरी तसंच. पुढच्या महिन्यांत मऊ होण्याऐवजी एखादी बाजू कडक होत वर चढायला लागली, तर इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करतं ते आवळत असेल. उलट, इम्प्लांट खालच्या घडीच्याही खाली उतरायला लागलं आणि स्तनाग्र वर बघायला लागलं, तर तेही दाखवायचं. बाकी आठवड्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढायचा. दिवसभर आरसा नको.

नवऱ्यालाही तुम्ही आत बोलावलंत. वरच्या फळीवरचे डबे खाली काढून ठेवा, भरलेला कुकर यांना उचलू देऊ नका, उताणं आणि पाठीला उंच उशा देऊनच झोपवा, सहा आठवडे तारेची ब्रा नाही. धाकटीला उचलता येत नाही म्हणून मला रडू येत होतं, तर तुम्ही म्हणालात, पलंगावर बसा, तिला स्वतःहून मांडीवर चढू द्या. आमच्या घरात ते सगळं तसंच पाळलं गेलं.

इम्प्लांटचं कार्ड जपून ठेवायला तुम्ही बजावलं होतंत. त्याचं महत्त्व मला नंतर वाचताना कळलं. २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीनं लिम्फोमा नावाच्या कॅन्सरच्या एका दुर्मीळ प्रकाराशी संबंध आढळल्यामुळे आपली बायोसेल ही खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत घेतली. आपल्या अंगात कुठलं आहे हे अशा वेळी त्या कार्डावरूनच कळतं. माझं गुळगुळीत आहे. त्याच वाचनात टिमी जीन लिंडसे भेटल्या. १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला सिलिकॉन इम्प्लांट बसवून घेणाऱ्या त्या पहिल्या बाई. माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं, की यातून गेलेली एकही बाई त्यांना विचारायला नव्हती.

तुमच्याच ड्रेसिंग रूमबाहेर बाकावर कॅन्सरमुळे स्तन काढल्यानंतर इम्प्लांट बसवलेल्या एक मावशी भेटल्या होत्या. त्यांनाही आकाराबद्दल विचारायची लाज वाटत होती. "जीव वाचला, आता हे काय विचारायचं?" म्हणाल्या. मी त्यांना तुमच्याकडेच पाठवलं. माझं कारण वेगळं, त्यांचं वेगळं, पण तुम्ही दोघींना सारखाच वेळ दिलात.

उजवी बाजू आता खाली आली आहे. डावीशी अगदी तंतोतंत जुळत नाही, आणि त्यानं माझं काही अडत नाही. टाक्यांची खूण घडीत जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. धाकटी पुन्हा कडेवर असते.

एक सांगायचं आहे. तुमच्याकडे कुणी बाई अशीच घाबरून आली आणि यातून गेलेल्या कुणाशी तिला बोलावंसं वाटलं, तर माझा नंबर फाइलवर आहे. माझी परवानगी समजा आणि द्या. दुपारी दोननंतर मी मोकळी असते.

तुमची मनापासून आभारी,
साताऱ्याची पेशंट