खालच्या मजल्यावरच्या काकूंना, टिकली आणि तिच्या पाच पिल्लांकडून

काकू,

समोर आलात की मी नुसतं थँक्यू म्हणते आणि तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच संपवून टाकता, म्हणून आज बसून सगळं लिहून काढतेय. आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते ज्याच्या घरी माझ्या टिकलीसारखी गाभण कुत्री आहे त्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

तुम्हाला आठवतंय ना, मी कॅलेंडरवर लाल पेनाने एकच गोल केला होता. पहिल्या मेटिंगपासून बरोबर 63 वा दिवस. कुत्रीचे दिवस 63 असतात हे सगळ्यांनीच सांगितलं होतं त्यामुळे माझ्या डोक्यात तेच पक्कं बसलेलं. तुम्ही त्या कॅलेंडरकडे बघितलंत आणि पहिला प्रश्न विचारलात, "मेटिंग एकदाच झालं का?" नाही, दोनदा झालं होतं, मध्ये तीन दिवसांचं अंतर. मग तुम्ही माझ्या शेजारी बसून शांतपणे समजावलंत की 63 दिवस मेटिंगपासून मोजायचे नसतात, मादीचं बीज सुटतं त्या दिवसापासून मोजायचे असतात, आणि तो दिवस बाहेरून बघून कळत नाही. नराचं वीर्य तिच्या पोटात पाच-सहा दिवससुद्धा टिकतं आणि सुटलेलं बीज तयार व्हायलाच दोन-तीन दिवस लागतात, म्हणून मेटिंगपासून मोजलं तर कुणी 58 व्या दिवशी विते, कुणी 68 व्या दिवशी, आणि दोन्ही नॉर्मलच. हीटवर, म्हणजे माजावर, असतानाच रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तपासलं असतं तर तारीख बरीच नेमकी मिळाली असती, पण ती वेळ आमची गेली होती. तेव्हा तुम्ही माझ्या हातातला पेन घेऊन त्या एका गोलाच्या जागी दहा दिवसांची लांब रेघ ओढलीत. ती रेघ अजून तशीच आहे कॅलेंडरवर.

मग सोनोग्राफीला पण तुम्हीच पाठवलंत, साधारण तिसाव्या दिवशी. त्याच्या खूप आधी गेलं तर नीट दिसत नाही आणि त्या सुमाराला गेलं की ठोके दिसतात आणि डॉक्टर माप घेऊन दिवसांचा अंदाज सांगू शकतात. आमच्या डॉक्टरांनी मापं घेतली आणि म्हणाले माझ्या तारखेपेक्षा तीन-चार दिवस पुढे धरा. स्क्रीनवर ते छोटे छोटे लुकलुकणारे ठिपके बघितले तेव्हा मला रडू आलं होतं काकू, तुम्हाला सांगितलं नव्हतं.

एक्स-रे मात्र तुम्ही घाईने काढू दिला नाहीत, 55 दिवस होऊ देत म्हणालात, कारण पिल्लांची हाडं त्याआधी नीट उमटत नाहीत आणि मोजणी चुकते. पाच डोकी, पाच मणके. तो पाचाचा आकडा पुढे किती महत्त्वाचा ठरणार आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

कॅल्शियमचं सिरप तर मी विकत आणून ठेवलंच होतं, गाभण आहे तर ताकद नको का असं वाटून. तुम्ही बाटली बघून सरळ बाजूला ठेवलीत. गाभणपणात वरून कॅल्शियम दिलं की शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढायचं विसरतं आणि व्यायल्यावर दूध सुरू झालं की नेमकं तेव्हाच कमी पडतं, मग अंग थरथरतं, पाय ताठ होतात, कुत्रीच्या जीवावर बेततं, ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. त्याऐवजी पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून हळूहळू पिल्लांचं फूड सुरू केलं आणि पोटात जागा कमी म्हणून दिवसातून चार वेळा थोडं थोडं.

खोक्याचं पण तसंच. मी छान मऊ गाद्या घालून ठेवल्या होत्या. तुम्ही सगळ्या काढायला लावल्यात, गादीच्या घडीत पिल्लू अडकून गुदमरतं म्हणून, आणि जुनी वर्तमानपत्रं आणि टॉवेल घातलेत. मग आतल्या कडेने हाताच्या पंज्याएवढ्या उंचीवर पाईप बसवायला सांगितलात. मी विचारलं कशाला, तर तुम्ही खोक्याच्या भिंतीला हाताची मूठ टेकवलीत आणि म्हणालात, "हे पिल्लू, आणि ती आता इथे टेकून बसली." मला लगेच समजलं. नंतर त्या पाईपखाली सुखरूप पडलेलं पिल्लू मी स्वतः दोनदा बघितलं.

आणि ते टेम्परेचर. व्हॅसलिन लावून थर्मामीटर, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर आधीपासून, वहीत लिहून. मला वाटायचं टिकलीला उगाच त्रास. 101.2, 100.9, 101.1 फॅरनहाइट, रोज तेच. मग माझा तो 63 वा दिवस आला आणि गेला, 64 गेला, 65 व्या दिवशी मी घाबरून रात्री तुमच्या दारात आले, कुणीतरी म्हणालं होतं की दिवस उलटून गेले, इंजेक्शन देऊन कळा आणा. तुम्ही वही बघितलीत, टिकलीचं पोट हाताने बघितलंत, पिल्लू हललेलं मला पण हात लावून दाखवलंत. ती खातेय, घाण स्राव नाही, टेम्परेचर पडलेलं नाही, म्हणजे तिची वेळच आली नाहीये, आणि वेळेआधी काढलेल्या पिल्लांची फुप्फुसं तयार नसतात. तरी स्वतःच्या भरवशावर न ठेवता सकाळी डॉक्टरांना दाखवायला लावलंत. त्यांनीही ठोके बघून थांबा म्हणून सांगितलं. त्या रात्री तुम्ही दार उघडलं नसतं तर मी काय करून बसले असते हा विचार अजून येतो.

66 व्या दिवशी रात्री 98.4. दोनदा घेतलं. तुम्हाला मेसेज केला, तुमचं उत्तर एवढंच, "आता चोवीस तासांच्या आत. झोपून घे." झोप कसली येतेय. पहाटेपासून टिकली पेपर फाडत होती, धापा टाकत होती, खाल्लेलं ओकली, आणि सारखी माझ्याकडे बघत होती. तुम्ही आलात आणि खोलीतला मोठा दिवा बंद केलात, सगळ्यांना बाहेर काढलंत, फक्त आपण दोघी.

दुपारी पहिलं पिल्लू झालं. त्याच्यामागून हिरवट पाणी आलं आणि मी ओरडलेच, तर तुम्ही म्हणालात पहिल्या पिल्लाच्या आधी हिरवं आलं असतं तर पळालो असतो, आता ते जार, म्हणजे वार, सुटल्याचं असतं, घाबरू नको, फक्त प्रत्येक पिल्लामागे जार पडली का ते मोजत राहा. दुसरं टिकलीने स्वतः चाटून मोकळं केलं. तिसरं आलं ते पातळ पिशवीतच, निळसर, काही हालचाल नाही, आणि टिकलीचं लक्ष नाही. तुमच्या हातांकडे मी तेव्हा बघत होते काकू. पिशवी नाकाजवळ फाडलीत, तोंड खाली तिरकं धरून बोटाने आतला चिकट द्रव काढलात आणि टॉवेलमध्ये घेऊन पाठीवर चोळायला लागलात, जोरात, न थांबता. मला झटकून बघू का असं वाटत होतं, कुठेतरी बघितलं होतं तसं, तुम्ही म्हणालात अजिबात नाही, डोक्याला इजा होते. किती वेळ गेला माहीत नाही. मग एक बारीकसा चीं असा आवाज आला. तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त नाळेला दोरा बांधायला माझ्याकडे दिलंत, पोटापासून बोटभर अंतर सोडून.

चौथं झाल्यावर टिकली निवांत झोपली आणि मला वाटलं संपलं. पण एक्स-रेत पाच होती. दीड तास ती नुसती पडून होती तेव्हा तुम्ही शांत होतात, विश्रांती घेते म्हणालात, पिल्लांना अंगाशी लावलंत. नंतर जोरात कळा सुरू झाल्या आणि तुम्ही घड्याळ लावलंत. अर्ध्या तासात काही बाहेर आलं नाही तशा उठलात. रात्रीच्या डॉक्टरांचा नंबर तुम्ही आठ दिवस आधीच माझ्याकडून फ्रिजवर लावून घेतला होता, त्यामुळे एक मिनिट पण वाया गेलं नाही. पिल्लू कुल्ल्याकडून येत होतं. मागचे पाय आधी येणं कुत्र्यांमध्ये चालतं पण याचे पाय आत दुमडलेले, फक्त शेपटी पुढे. डॉक्टरांनी जेल लावून हळूहळू पाय मोकळे करून काढलं. सगळ्यात मोठं, 248 ग्रॅम, आणि जिवंत. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत.

नंतरच्या रात्री पण तुम्हीच सोप्या केल्यात. खोक्यात पहिला आठवडा तीस डिग्री सेल्सिअसच्या आसपास ऊब, पण गरम पिशवी एकाच कोपऱ्यात, म्हणजे नको असेल तर पिल्लाला सरकता येतं. गळ्यात पाच रंगांची लोकर, आणि रोज त्याच वेळेला वजन. ते तिसरं, पिवळ्या लोकरीचं, पहिल्या दिवशी 190, दुसऱ्या दिवशी 184, तिसऱ्या दिवशी 185. बाकीची भराभर वाढत होती. मी ड्रॉपरने दूध पाजायला निघाले होते तर तुम्ही आधी त्याच्या तोंडात करंगळी घालून बघितलंत, गार होतं. गार पिल्लाला दूध पचत नाही, आधी ऊब, मग दूध. तासभर तुमच्या ब्लाऊजच्या आत ते झोपलं होतं. मग इतरांना बाजूला करून त्याला मागच्या सडांना लावलंत, तिथे दूध जास्त असतं म्हणून, आणि दर दोन तासांनी तेच करायला मला शिकवलंत. चौथ्या दिवशी 196. पाचव्या दिवशी 209.

आज बारावा दिवस. पिवळीचं वजन 351 आहे आणि सकाळी तिचा डावा डोळा किलकिला उघडलाय, उजवा अजून बंद. बाकी चौघांचे दोन्ही मिटलेलेच आहेत, ती सगळ्यात पहिली.

काकू, तुमचा वजनकाटा अजून दोन आठवडे माझ्याकडेच राहू दे. आणि संध्याकाळी वर या, तिला तुम्हाला बघायचंय.

तुमची,
वरच्या मजल्यावरची