१४० वजा वय

प्रिय आई-बाबा,

फोनवर अर्धंच बोलणं झालं, म्हणून लिहिते.

आई, थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर दहाव्या दिवशीच तू म्हणाली होतीस, “काही फरक नाही गं, बंद करू का?” तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आता फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधशास्त्रात, हाफ-लाइफ शिकतोय, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ. पॅरासिटामॉलला दोन-तीन तास पुरतात, तुझ्या गोळीला जवळजवळ ७ दिवस लागतात. रोजच्या गोळीची रक्तातली पातळी स्थिरावायला चार-पाच हाफ-लाइफ जातात, म्हणजे तुझ्या बाबतीत महिनाभर तरी. डॉक्टरांनी टीएसएच, ती थायरॉइडची रक्ततपासणी, सहा आठवड्यांनी करायला सांगितली ती म्हणूनच. आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नकोस, चार तासांचं अंतर ठेव. कॅल्शियम ते औषध आतड्यातच धरून ठेवतं, रक्तात नीट जाऊच देत नाही.

बाबा, आता तुमच्याबद्दल. औषध शरीरावर काय करतं, हे सगळे विचारतात. शरीर औषधाचं काय करतं, हा या विषयाचा दुसरा अर्धा भाग, आणि मला तोच जास्त आवडतो. बरीच औषधं मूत्रपिंडांतून बाहेर पडतात. मूत्रपिंडं किती गाळतात याचा अंदाज काढायला १९७६ सालचं एक सूत्र अजून वापरतात. त्याची सुरुवातच ‘१४० वजा वय’ अशी आहे. वर्गात मी माझं वय घातलं, ११५ आले. मग तुमचं घातलं, ६९. वजन आणि क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होणारा, मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) तेच धरलं तरी एवढा फरक! पेन खाली ठेवून बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले.

तुमच्या रिपोर्टात क्रिएटिनिन नॉर्मल आहे, हे खरं. पण वयानुसार स्नायू कमी होतात, त्यामुळे ते तयारच कमी होतं; नुसत्या त्या आकड्यावर विसंबून चालत नाही. म्हणून गुडघ्यासाठी तुम्ही मनानेच घेता त्या आयब्युप्रोफेनची मला काळजी वाटते. मूत्रपिंडांकडे जाणारा रक्तपुरवठा ज्या रसायनांमुळे टिकतो, त्यांनाच ती गोळी अडवते. सोबत बीपीची गोळी आहेच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आता आयब्युप्रोफेन घेऊ नका, बाबा.

आई, घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढून पाठव. त्यांची यादी करून देते, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा. बाबा कपाटात वेगळ्या ठेवतात त्यासुद्धा.

तुमची,
धाकटी