स्कॅनर लागत नव्हता तेव्हा धावून आलेल्या अण्णांस

आदरणीय अण्णा,

सादर नमस्कार.

या पावसाळ्यात कणकुंबीकडची एक डिझेल गाडी आमच्या खानापुरातल्या गॅरेजमध्ये अडकून पडली होती, तेव्हा आपण हातातले काम बाजूला ठेवून बेळगावहून आलात. त्या दिवशी आपले आभार तोंडी मानले होतेच. तरीही हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे, कारण आपण जे दाखवलेत ते खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातल्या प्रत्येक लहान गॅरेजवाल्याच्या उपयोगाचे आहे, आणि ते कोणाकडून मिळाले हेही त्यांना कळायला हवे.

गाडीची तक्रार आपल्याला आठवत असेलच. चेक इंजिनचा दिवा कायम पेटलेला, आरपीएमचा काटा चालत्या गाडीत मधूनच शून्यावर येई आणि गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर लावला तर त्याचा स्क्रीनसुद्धा उजळत नसे. मालकांना आधी एका ठिकाणी ‘ईसीएम (इंजिन सांभाळणारा संगणक) गेला, नवा टाकावा लागेल’ असे सांगितले होते. शेतीवर चालणाऱ्या घराला तो खर्च किती जड जातो हे आपल्याला आणि मला वेगळे सांगायला नको. माझ्याकडचे उपाय संपले होते. पण संपर्कच होत नसताना ईसीएमवर ठपका ठेवायला मन तयार होत नव्हते, म्हणून आपल्याला फोन केला.

आपण आल्यावर बोनेट उघडले नाहीत, हे माझ्या अजून लक्षात आहे. आधी आमचा स्कॅनर शेजारी उभ्या असलेल्या चालू गाडीला लावून पाहिलात आणि तो चांगला असल्याची खात्री करून घेतलीत. मग बॅटरी मोजलीत. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि ती १२ च्या खाली गेली असेल तर गाडीतले काही मॉड्यूल (छोटे संगणक) नीट बोलतच नाहीत, म्हणून बॅटरी पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे आपण बजावलेत. त्यानंतर स्कॅनर जिथे लावतात त्या डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटकडे वळलात. १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा थेट प्लस, ४ नंबरवर बॉडीचा अर्थ (मायनस) आणि ५ नंबरवर सिग्नलचा अर्थ. स्कॅनरला वीज याच वाटेने मिळते, त्यामुळे स्क्रीन उजळत नसेल तर ईसीएमचा विचारही इतक्यात करायचा नाही. हे सांगत असतानाच आपण टेस्ट लॅम्प (तपासणीचा दिवा) लावलात आणि १६ वर तो पेटला नाही.

अनेक गाड्यांत या पिनची वीज सिगारेट लायटरच्या फ्यूजमधूनच येते. त्या लायटरच्या सॉकेटात मालकांचा मोबाइल चार्जर कायम लावलेला असे आणि त्याच्या शॉर्टने फ्यूज उडाला होता. वरून पाहिले तर त्या फ्यूजची पट्टी अखंड दिसत होती, भेग इतकी बारीक होती. म्हणून फ्यूज डोळ्यांनी तपासायचा नाही, त्याच्या दोन्ही टोकांना वीज आहे की नाही ते पाहायचे, ही आपली शिकवण आमच्या पोरांनी आता पक्की धरली आहे. मीटर असताना दिवा कशाला, या आमच्या पोराच्या प्रश्नाला आपण कन्नडमध्ये आणि मग मराठीत, दोन्ही वेळा तितक्याच शांतपणे उत्तर दिलेत: गंजलेल्या जोडातूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण दिव्याला करंट लागतो, त्यामुळे कच्चा जोड लगेच उघडा पडतो. आणि त्याच दमात इशाराही दिलात की ६ आणि १४ नंबरच्या पिनांना हा दिवा चुकूनही लावायचा नाही, कारण त्या कॅनच्या, म्हणजे मॉड्यूल ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या, वायर आहेत आणि त्यांवर असा भार टाकला तर आतले मॉड्यूल खराब होऊ शकते.

फ्यूज बदलला, स्क्रीन उजळला, पण ईसीएमशी संपर्क होत नसल्याचा संदेश आला. आमच्या एका मुलाने मोबाइलवर चालणारा ब्लूटूथ ॲडॅप्टर लावून पाहिला आणि ‘कनेक्ट झाले’ म्हणाला. तेव्हा मोबाइल आणि ॲडॅप्टर यांची जोडणी वेगळी आणि ॲडॅप्टर व गाडी यांची वेगळी, पहिली झाली म्हणून दुसरी झाली असे होत नाही, हे आपण त्याला समजावलेत. एवढी एक गोष्ट नीट कळली तरी कितीतरी लोकांचा वेळ वाचेल असे मला मनापासून वाटते.

पुढची तपासणी मी जन्मभर विसरणार नाही. आपण बॅटरीची वायर काढलीत, थोडा वेळ थांबलात आणि ६ व १४ या पिनांमधला रेझिस्टन्स मोजलात. मीटरची जाड सुई सॉकेटात न घालता त्या मापाची बारीक पिन वापरलीत, कारण जाड सुईने आतली पत्ती फाकते आणि मग चांगल्या गाडीलाही स्कॅनर लागेनासा होतो. कॅन लाइनच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रेझिस्टर असतो आणि दोन्ही मिळून ६० ओहम दिसायला हवेत. आपल्या मीटरवर १२० आले. म्हणजे एक टोक तुटलेले आहे, आणि ते इंजिनच्या बाजूचे असावे, कारण काटा पडतो तोही इंजिनकडून येणारा संदेश डॅशबोर्डवरच्या काट्यापर्यंत पोचत नाही म्हणूनच, असा निष्कर्ष आपण एकही कपलर (वायरींचा जोड) न उघडता सांगितलात.

मग बोनेट उघडले. वायपरखालच्या जाळीत पाला साचून पाण्याची वाट बुजली होती. कणकुंबी, जांबोटीकडचा पाऊस आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ते सगळे पाणी वायरिंगच्या जुडग्यावरून खाली कपलरमध्ये उतरत होते. कपलर सोडवल्यावर कॅनच्या एका पिनवर हिरवा गंज चढलेला दिसला आणि वायर हलकेच ओढताच ती पिनपासून सुटून आपल्या बोटांत आली. नवी पिन, नवा जोड, साफ केलेली जाळी. पुन्हा मोजले तेव्हा ६० ओहम आले आणि चावी ऑन करताच स्कॅनरने ईसीएम ओळखला. ईसीएमला काहीही झालेले नव्हते.

अण्णा, हाताखालच्या माणसांना बाजूला सारून पटकन काम उरकणारे कारागीर मी पुष्कळ पाहिले आहेत. आपण मात्र मोजलेला प्रत्येक आकडा आमच्या पोराला वहीत लिहायला लावलात, सुटलेली वायर त्याच्याच हातात दिलीत आणि नवी पिन त्याच्याकडूनच दाबून घेतलीत. त्यानंतर आलेल्या एका जुन्या गाडीत ६ आणि १४ वर वायरच नव्हती; ती ७ नंबरच्या के-लाइनवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एकाच वायरवर, बोलणारी होती, हे त्याने सॉकेटात डोकावून स्वतः ओळखले. त्याचे श्रेय आपले आहे. गाडीच्या मालकांनीही आपल्याला नमस्कार कळवला आहे. नवा ईसीएम घ्यावा लागला असता तर पेरणीसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले असते, असे त्यांनी मला सांगितले.

एक विनंती करून पत्र पुरे करतो. नव्या गाड्यांत सॉकेट आणि आतल्या लाइनींच्या मध्ये गेटवे (संदेश इकडून तिकडे पोचवणारे मॉड्यूल) असतो, त्यामुळे सॉकेटवर ६० ओहम आले तरी गेटवेच्या पलीकडची लाइन धड आहे असे धरता येत नाही, असे आपण जाता जाता म्हणाला होता. बीएस-६ च्या गाड्या आता आमच्याकडेही दुरुस्तीला येऊ लागल्या आहेत. दिवाळीनंतर आपल्या सवडीने एक दिवस यावे आणि अशा गाडीत मोजमाप कुठून सुरू करायचे ते दाखवावे. नंदगड आणि बिडीकडचे गॅरेजवालेही यायला तयार आहेत. गाडी, मीटर आणि जेवणाची व्यवस्था आम्ही करू. त्या दिवशी आपण मजुरी घेतली नाहीत, या वेळी ती घ्यावी लागेल.

आपला कृतज्ञ,
खानापूरचा एक गॅरेजवाला